सुरभीच्या गोधडीचे छत्तीस चौकोन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

शाळेची एक कोरी टाचणवही कपाटात उरली होती, ती आज काढली. उद्या वर्गात काय शिकवायचं ते आदल्या दिवशी लिहायची ही वही. पुसदच्या शाळेत चौतीस वर्षं गणिताची टाचणं लिहिली, पण निवृत्त झाल्यापासून पेनाला हात लावला नव्हता. आता लिहितो आहे, कारण घरात बोलणारं कोणी नाही.

म्हणजे वच्छला आहे. जुलैच्या शेवटी तिला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालते आणि बोलणं तर पुसूनच गेलं. एकच शब्द स्वच्छ येतो: नाई. चहा हवा का, नाई. नको का, तरी नाई. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी पुष्कळ ऐकला आहे, त्यामुळे आश्चर्य वाटत नाही.

आज तिच्या पलंगाखाली एक पिशवी सापडली. आत कापडाचे छत्तीस चौकोन. प्रत्येक चौकोन दोन त्रिकोण जोडून केलेला, एक गडद, एक फिका. हे मला माहीत होतं, विसरलो होतो. यंदा लेकीला, सुरभीला, पुन्हा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा वच्छला नऊ घरी जाऊन जुनी लुगडी, सदरे मागून आली होती. मागच्या वर्षी पोरीचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. असं झालं की पुढच्या बाळासाठी दारोदार मागितलेल्या कपड्याची गोधडी करतात, म्हणजे बाळ टिकतं. मी तेव्हा हसलो होतो. हे चौकोन तिने टेपने मोजलेले नाहीत. तिची एक वीत म्हणजे एक चौकोन. मी पट्टी लावली, साडेसात इंच.

ते कोणत्या रचनेत जोडायचे, हे तिने कुणालाच सांगितलेलं नाही.

संध्याकाळी अकोल्याहून सुरभीचा फोन. "बाबा, सातवा लागला. मी येऊ का तिकडे? मले आईजवळ राह्याचं आहे." मी म्हटलं, बाळा, इथे तुझं कोण करेल? तू तिकडेच थांब, तुझी सासू माणूस चांगली आहे. मी गोधडी पूर्ण करून एसटीच्या पार्सलने पाठवतो.

मग सतरंजी पसरली. गठ्ठा वच्छलाच्या मांडीवर दिला, ती डाव्या हाताने एकेक देत गेली आणि मी मांडत गेलो. सहा गुणिले सहा. गडद बाजू आतल्या बाजूला घेतली की चौकटीत चौकट तयार होते, मधोमध एक हिरा. बाजूच्या समासात आकृती काढून ठेवली आहे. मला तरी झकास वाटली. विचारलं, "जमलं? शिवून टाकू आणि देऊ पाठवून?"

नाई.

५ नोव्हेंबर, बुधवार

सगळे चौकोन एकाच तोंडाने लावले. कपाशीच्या शेतातले ओळींचे तास दिसतात तसे तिरपे पट्टे आले. "पाठवू?" नाई.

९ नोव्हेंबर, रविवार

एक चौकोन चार तोंडांनी ठेवता येतो. छत्तीस चौकोन म्हणजे चाराचा छत्तिसावा घात. आज हातानेच गुणाकार केला, बावीस आकडी संख्या आली. दिवसाला एक रचना धरली तर पृथ्वीचं वयही कमी पडेल. वच्छलाला हे सांगितलं तेव्हा ती हसली. उजवीकडचा ओठ हलत नाही, अर्ध्याच तोंडाने हसली. जुलैनंतर पहिल्यांदाच. पोटभर जेवलो.

आज चार चौकोनांची एक अशा नऊ भिंगऱ्या केल्या होत्या. त्याही नाई.

सुरभीशी बोलत असताना मी तिला पुन्हा समजावत होतो की येऊ नकोस, गोधडी येईलच तुझ्याकडे. तर इकडे पलंगावरून नाई, नाई, नाई सुरू. मी म्हटलं, अगं हो, भिंगऱ्या मोडतो, जरा दम धर, फोन चालू आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मानीबाईबद्दल लिहायचं राहिलं. तांड्यावरून येते, तीन किलोमीटर चालत. सकाळी लोकांच्या शेतात कापूस वेचते आणि दुपारी येऊन वच्छलाच्या हातापायाला तेल लावते. फिजिओथेरपीवाल्याने दाबायला दिलेला रबरी चेंडू वच्छला पलंगाखाली भिरकावते, पण मानीबाईपुढे गुमान हात देते. माझ्या मते या घरावर सध्या सर्वांत मोठे उपकार या बाईचे आहेत.

आज ती दारातच थबकली. "सर, तुमी दाढी केली!"

"मग काय झालं?"

"काई नाई. चांगलं झालं. बाई रोज तुमच्या दाढीकडं पाहे आन् मले इशारा करे."

वीसेक दिवस केली नव्हती म्हणे. मला वाटलं चारपाच झाले असतील.

आज नागमोडी रचना. नाई. पण मांडताना एक गोष्ट दिसली: पंख्याने चौकोन उडतात म्हणून वच्छला गठ्ठ्यावर उजवा हात दाबून ठेवते. मेलेलाच हात, डाव्याने उचलून वर ठेवलेला. पेपरवेटसारखा. तरी ठेवते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

एक चौकोन कमी. पस्तीसच भरतात. सगळं घर शोधलं, न्हाणीघरसुद्धा. अबोली रंगाच्या लुगड्याचा होता. उंदराने नेला असावा.

वच्छला शांतपणे माझी धावपळ बघत होती. स्वतःच्या हाताचं काम हरवलं तर माणसाला काही वाटायला हवं. आजाराने मन बधिर होतं म्हणतात, तसं असेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ठरवलं, हरवलेला चौकोन मीच करायचा. बाजारातून अर्धा मीटर छान पिवळं आणि अर्धा मीटर निळं कापड आणलं. साडेसात इंच भुजांचे दोन काटकोन त्रिकोण, कर्णावर जोडले की साडेसात इंचांचा चौरस. आठवीच्या मुलालाही जमेल. दोन तास सुईशी झटापट करून जोडला. मोजला तर एकेक बाजू पाऊण इंच कमी! शिवाय एक कोपरा भलतीकडेच ताणलेला.

प्रमेय बरोबर आहे. तीनदा तपासलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मानीबाईला तो चौकोन दाखवला. तिने उलटा करून बघितला आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की वच्छलाही हसू लागली.

"सर, शिलाईत गेलेलं कापड कोन धरीन? दोन्हीकडून दाब सोडा लागते. आन् तिरपं कापलेलं कापड ओढाचं नसते, वाकडं होते."

भूमितीतल्या रेषेला जाडी नसते, हे चौतीस वर्षं मी पोरांच्या डोक्यात भरवत आलो. शिलाईच्या रेषेला असते. हे मला एकसष्टाव्या वर्षी कापूस वेचणाऱ्या बाईने शिकवलं, आणि मला ते अजिबात लागलं नाही. उलट बरं वाटलं.

मग तिने बोटांनी कापड चोळलं आणि तोंड वाकडं केलं. "हे कोरं हाये. लेकराच्या अंगाले कोरं कापड कायले? टोचते. आमची याडी सांगे, दहा वर्ष धुतलेलं पाह्यजे." याडी म्हणजे आई.

माझा चौकोन कचऱ्याच्या टोपलीत गेला. शाळेतला माझा खादीचा सदरा होता, कॉलरला विरलेला. तो फाडला. फिक्या बाजूला माझा सदरा, गडद बाजूला वच्छलाच्या जुन्या लुगड्याचा काठ. मानीबाई शेजारी बसून सांगत गेली. संध्याकाळपर्यंत बरोब्बर साडेसात इंच! वच्छलाच्या हातात दिला. तिने बराच वेळ सदऱ्याच्या बाजूवर अंगठा फिरवला.

पुन्हा छत्तीस झाले. देवा, आभारी आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हे लिहायला जड जातं, पण वहीत खोटं लिहायचं नाही.

आज पुन्हा पस्तीस. माझा नवा चौकोनच गायब. उंदीर असा निवडून नेत नाही. घरात बाहेरचं माणूस एकच येतं. मी मानीबाईला म्हणालो, "तुमच्या पिशवीत चुकून एखादा तुकडा गेला का, बघा बरं."

तिने पिशवी माझ्यापुढे उलटी केली. तेलाची बाटली, भाकरीचं फडकं, वेचणीचे हातमोजे. पुन्हा भरली आणि म्हणाली, "सर, चिंध्या नेऊन मी काय करू?"

वच्छला ओरडत होती, नाई, नाई. डाव्या हाताने पलंग बडवत होती. मला वाटलं, चौकोन गेला म्हणून.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चार दिवस मानीबाई आली नाही. तेल मी लावतो. माझ्या हाताने वच्छलाला दुखतं, ती भिंतीकडे तोंड करून पडते. चौकोन मांडायला घेतले तर गठ्ठा हातातही धरला नाही. दाढी नाही केली.

सुरभीचा फोन आला तेव्हा मी आंघोळीला गेलो आहे असं शेजारच्या फरहानाला सांगायला लावलं. फरहाना म्हणाली, "चाचा, झूठ बोलने का काम मेरे कू मत देते जाव." तरी बिचारीने सांगितलं.

सुरभीला मी का येऊ देत नाही, तेही लिहूनच टाकतो. मागच्या वर्षी पोळ्याला मीच तिला हट्टाने बोलावलं होतं. एसटीने आली. चौथ्या दिवशी याच घरात, याच खोलीत ते झालं. डॉक्टर म्हणाले प्रवासाचा काही संबंध नाही. मला ते पटतं. पण रात्रंदिवस डोळ्यांपुढे तीच खोली येते. तिची आई धडधाकट असताना आम्ही काही वाचवू शकलो नाही, आता तर मी एकटा. वच्छलाला हे कधीच सांगितलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

आज उशीचा अभ्रा बदलायला घेतला. आत हात घातला तर कापड लागलं. बाहेर काढलं.

अबोलीचा चौकोन. माझ्या सदऱ्याचा चौकोन. आणि तिसरा, तो वाकडा, पिवळा-निळा, पाऊण इंच कमी असलेला, जो मी टोपलीत टाकला होता.

मी पलंगाच्या काठावर बसलो. वच्छला माझ्याकडे बघत होती, वर्गात पकडलेल्या पोरासारखी, पण डोळे खाली न घालता.

"काहून लपवले तुने?" माझ्या तोंडून आमची घरचीच भाषा आली. "गोधडी व्हावी असं वाटत नाई का तुले?"

"नाई," ती म्हणाली. आणि मग तिन्ही चौकोन ओढून छातीशी धरले.

मी गणिताचा मास्तर. महिनाभर प्रत्येक वेळी तिला एका दमात दोन प्रश्न विचारत होतो, जमलं का आणि पाठवू का, आणि उत्तर मात्र पहिल्याच प्रश्नाचं धरत होतो. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर शून्य दिलं असतं.

म्हणून एकच प्रश्न विचारला. "सुरभीले इकडं बोलवायचं?"

ती नाई म्हणाली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती विचारल्यावर गप्प राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

मग मी तिला ते सांगितलं, खोलीचं, पोळ्याचं, भीतीचं. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं. तिला सगळं माहीत होतं असं दिसलं. मी एकटाच समजत होतो की लपवून ठेवलं आहे.

लगेच फोन लावला. "बाळा, ये. बसने नको, पियुषरावांना म्हणावं गाडीने घेऊन या, डॉक्टरांना विचारून. पण ये." पलीकडून नुसते हुंदके ऐकू आले. भीती अजून आहे. ती गेली असं लिहिणार नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी वच्छलाजवळ फरहानाला बसवून स्कूटरने तांड्यावर गेलो. मानीबाई शेतात होती. बांधावर उभं राहून सगळ्या बायांसमोर म्हणालो, "मानीबाई, माझं चुकलं. चौकोन बाईच्या उशीत होते." माझ्या विद्यार्थ्यांपुढे मी कधी चूक कबूल केली नव्हती, इथे पंधरा बायांपुढे करावी लागली.

ती कापूस वेचतच राहिली. ओटी कापसाने भरली तशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"उशीत हायेत ते. तेल लावताना हाताले लागले होते. बाईनं बोट ओठावर ठेवलं, मंग मी कायले सांगू?"

"अवो, मग मी संशय घेतला तेव्हा तरी सांगायचं!"

"बाईले जबान देली होती ना सर."

 माझ्या घरात मी चोर ठरवलेल्या बाईने माझ्याच बायकोची गोष्ट राखण्यासाठी आठवडाभर तो बोल अंगावर घेतला. हे उपकार कुठल्या जन्मी फेडू? ती म्हणाली, "दुपारी येतो मी. तेल गरम करून ठेवजा."

५ डिसेंबर, शुक्रवार

मानीबाईच्या देखत चौकोन मांडले. नवी रचना सुचेना, म्हणून पहिली आठवली तशी लावली, चौकटीत चौकट, मधोमध हिरा. "जमली का?" एवढंच विचारलं.

"हाव."

मी मानीबाईकडे बघितलं. तिनेही तो होकार ऐकला होता. वच्छला स्वतःच दचकली, आणि मग जणू खात्री करायला पुन्हा म्हणाली, "हाव."

वही उघडून ३ नोव्हेंबरची आकृती पडताळली. तंतोतंत तीच. एका महिन्यात सोळा रचना मांडल्या, सोळा वेळा सतरंजीवर गुडघे टेकून रांगलो. पहिल्याच दिवशी बरोबर होतं. राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. एरवी हा महिना मी भिंतीकडे बघत घालवला असता.

पण एक अडचण. माझा वाकडा चौकोन तिने पुढे केला आणि मधोमध बोट ठेवलं. तो लहान आहे, बसणार नाही, कोरा आहे, सगळं सांगून झालं. "नाई." मानीबाई म्हणाली, "राहू द्या सर. आठ दिवस रोज धुतो मी याले, नरम होईन. आन् चारी बाजूनं पट्टी लावली का मापात येते." मधोमध एक चौकोन नसतोच, सहा गुणिले सहाला मध्यबिंदूवर चार कोपरे येतात, हे सांगायला गेलो तर दोघींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की गप्प बसलो. हिऱ्याच्या चार चौकोनांतला एक काढून तिथे तो घ्यायचा ठरलं. काढला तो अबोलीचा; एक आधीच जास्तीचा उरला होता, दोन्ही मिळून सुरभीसाठी उशी होणार आहे.

१४ डिसेंबर, रविवार

सुरभी आली. आमचे जावई पियुषराव इतकी हळू गाडी चालवत आले की वाशिमला दोनदा चहा झाला म्हणे. ती दारातून थेट आईच्या पलंगाशी गेली आणि तिच्या कुशीत डोकं ठेवलं. वच्छलाने आधी डाव्या हाताने पोट चाचपलं, मग उजवा हात डाव्याने उचलून तोही पोटावर ठेवला.

त्याच खोलीत तिची खाट टाकली. मी दुसरी म्हणत होतो. सुरभीच म्हणाली, "बाबा, मले याच खोलीत झोपाचं आहे."

१४ जानेवारी २०२६, बुधवार

महिनाभर शिवणकाम चाललं. वरचा थर चौकोनांचा, खाली वच्छलाची दोन लुगडी, अस्तराला सुरभीची बारावीतली ओढणी. कडेने मानीबाई आणि सुरभी धावदोरा घालत. मी सुईत दोरा ओवून द्यायचो, आणि हे काम मी फार सुबक करतो असं सगळ्यांचं मत आहे.

आज संक्रांत. शेवटचा कोपरा उघडा ठेवला होता. मानीबाई म्हणाली, गोधडी उपाशी ठेवायची नसते, आत घास देऊन मगच तोंड बंद करायचं. वच्छलाने भाकरीचा सुकवलेला तुकडा घेतला. डाव्या हाताने नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट, यांच्यात तो धरला, कोपऱ्यापर्यंत नेला. वाटेत दोनदा पडला. तिसऱ्यांदा आत गेला. कोणीच मदत केली नाही. मानीबाईने टाका घातला.

३१ जानेवारी, शनिवार

परवा पहाटे मुलगी झाली. दोन किलो आठशे ग्रॅम. दोघी सुखरूप. डॉक्टरांचे, नर्सचे, पहाटे रिक्षा काढणाऱ्या फरहानाच्या नवऱ्याचे, जमीरचे, सगळ्यांचे पाय धरावेसे वाटले, काहींचे धरलेही.

आज घरी आणली. त्याच खोलीत, वच्छलाच्या पलंगावर गोधडी अंथरली आणि बाळाला तिच्यावर ठेवलं. डोकं नेमकं माझ्या वाकड्या चौकोनावर आलं. बरं झालं, धुतला होता.

वच्छला खूप वेळ बघत बसली. मग उजवा हात उचलून बाळाच्या टाळूपाशी नेला आणि विती टाकायला लागली, चौकोन कापताना टाकायची तशी. बोटं अजून पुरती उघडत नाहीत, वीत तोकडी पडते. मी मोठ्याने मोजत गेलो. एक. दोन. तीन. टाचेपाशी आली तेव्हा सव्वातीन.

साडेसात इंची वितीने बाळ पावणेतीन वितींच्या वर भरूच शकत नाही. माप चुकलं आहे. सुरभीने माझ्याकडे पाहिलं, मी आता दुरुस्त करणार म्हणून.

सव्वातीन विती. तसंच इथे नोंदवून ठेवतो.